तळ्यातला नामगजर

या, जरा जवळ सरकून बसा, एक हसायची गोष्ट सांगतो. बेळगावच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबाच्या दुपारच्या झोपेत आमच्या मारुतीच्या देवळातलं कीर्तन आडवं यायचं. त्यानं देवळाचा कारभार पाहणाऱ्या नरहर वकिलांशी पैज लावली: तळ्यात शिडाच्या होड्यांची शर्यत करू, तुम्ही हरलात तर कीर्तन बंद, जिंकलात तर मी पुन्हा तक्रार करणार नाही.

वकिलांनी सुकाणू धरलं आणि शिडाची दोरी कंग्राळी गावच्या शेतकरी भरमूच्या हाती दिली. पलीकडच्या काठावरून परतताना वारा पाठीमागून, तोही झटक्याझटक्यानं. अशा वेळी दोरी सैल सोडून शीड बाहेर पसरू द्यायचं असतं. भरमूनं मात्र बैल उधळल्यावर कासरा ओढावा तशी ती ओढली. होडी कलंडायला आली, साहेब पुढं गेला.

"अरे सोड, भरमू."

"उधळलेलं जनावर कोण सोडतंय व्हय, आप्पा?"

पुढचा झोत आला तसं वकिलांनी घाबरून "विठ्ठल, विठ्ठल" म्हटलं. कीर्तनात मुरलेल्या भरमूचे दोन्ही हात टाळी वाजवायला आपोआप वर गेले. दोरी सुटली, शीड पसरलं, आणि होडी साहेबाच्या आधी काठाला लागली.

पांडुरंगाला शीडबीड कितपत कळतं, ठाऊक नाही. साहेबानं मात्र शब्द पाळला आणि बदली होईपर्यंत कानांत कापूस घालून झोपला. कीर्तनाला बसाल तेव्हा त्या बापड्याची आठवण ठेवा.