बत्तीस पोरी, एक ईमेल

आम्रपालीला आपल्या कामाची पक्की खात्री होती, आणि ती लपवून ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कॉलेजसाठी तिनं ॲप बनवलं होतं. समाजकार्य शिकणाऱ्या पोरी वस्त्यांमध्ये घरोघर जात आणि प्रत्येक भेट त्यात लिहीत. नव्वद भेटी भरल्या तरच परीक्षेला बसता यायचं. आता विद्यापीठाचा फतवा निघाला: सोमवारपासून सगळ्यांनी विद्यापीठाच्याच लॉगिननं आत यायचं, नाहीतर ॲप बंद आणि भेटी पहिल्यापासून कागदावर. आम्रपालीनं चार दिवसांत ते लॉगिन जोडलं. बाहेरच्या कंपनीनं महिना मागितला होता, हे विभागप्रमुख राजेंद्र सरांना तिनं दोनदा तरी ऐकवलं.

शनिवारी सरांसमोर चाचणी झाली. किरनापुरची खुशी विद्यापीठाच्या पानावर पासवर्ड टाकून ॲपमध्ये शिरली. नाव, भेटी, सगळं जागच्या जागी. मग तिच्याच गावची राखी बसली. तिनं स्वतःचा पासवर्ड टाकला आणि पडद्यावर नाव आलं खुशीचं! राखीच्या अठ्ठ्याऐंशी भेटी गायब. तिरोडीच्या खाणकामगारांची वस्ती उन्हातान्हात पालथी घालून केलेल्या त्या भेटी होत्या. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

सरांनी मान हलवली. कंपनीलाच फोन लावतो म्हणाले, तोवर पोरींनी कागदावर सुरू करावं.

खरं सांगायचं तर आम्रपालीही हबकली. पण हातपाय गाळून बसेल ती आम्रपाली कसली! विद्यापीठाकडून दोघींची काय माहिती आली, ते तिनं उघडून पाहिलं. नावं वेगळी, एनरोलमेंट नंबर वेगळे, ईमेल मात्र एकच.

"राखी, तुह्या ॲडमिशनचा फॉर्म कोणं भरला होता?"

"भैयालालभाऊनं. ऑनलाइन सेंटरवाल्यानं. आमच्या गावच्या साऱ्या पोरींचे त्यानंच भरले."

आम्रपालीनं कपाळावर हात मारला. पोरींकडे ईमेल नव्हते, म्हणून त्या भल्या माणसानं बत्तीस फॉर्मांत आपलाच टाकून दिला होता. आणि ही शहाणी, आत कोण आलं ते ॲपला ईमेलवरून ओळखायला लावून बसली होती! तिचा स्वतःचा फॉर्मही वारासिवनीत मामाच्या ईमेलवर भरलेला. एवढं ठाऊक असून चुकले, याची तिला मनापासून लाज वाटली.

सर म्हणाले, मग बत्तीस जणींनी विद्यापीठात जाऊन ईमेल बदलून आणावेत, त्यानंतर बघू.

"चूक माही आहे सर," आम्रपाली म्हणाली. "पोरींनी काहून चकरा माराव्या? मले अर्धा तास द्या."

विद्यापीठ प्रत्येकीचा एनरोलमेंट नंबर पाठवतच होतं, आणि ॲपमध्येही तो होता. आम्रपालीनं ईमेल बाजूला सारला आणि त्या नंबरावरून ओळख पटवायला लावली. सरांचा चहा संपायच्या आत काम उरकलं.

राखीनं पुन्हा पासवर्ड टाकला. नाव तिचंच आलं, खाली अठ्ठ्याऐंशी भेटी ओळीनं उभ्या. सरांनी दोनदा खात्री करून घेतली आणि सोमवारपासून हेच चालू ठेवा म्हणाले.

खुशी निघाली, पण राखी काही खुर्ची सोडेना.

"ताई, कालची भेट भरून घेऊ? मैनाबाईच्या घरची. नवीन लॉगिनच्या धास्तीनं राहूनच गेली."

"भर ना," आम्रपाली म्हणाली.

राखीनं बाही वर केली आणि एकोणनव्वदावी भेट लिहायला घेतली.