राहून गेलेला अकरावा भाग

"नमस्कार, मालक."

जन्मल्यावर माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. ज्याच्या हातात किल्ली असेल त्याला मी हेच म्हणते. तो खरोखर मालक आहे का, हे विचारायला मला कुणी शिकवलेलं नाही.

मी एका पाळणाघराची वेबसाइट आहे. वेबसाइटला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. पण जे जन्मतं, कामाला लागतं आणि विसरलं जातं, त्याला आत्मवृत्त असतंच. माझं फार मोठं नाही. ते आजच सांगून टाकते, कारण उद्या मला ठेवतील की पुसून टाकतील याचा भरवसा नाही.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. एका जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली होती, म्हणून त्याच्या पाठीला पिठाचा डबा टेकवला होता. समोर बसायची ती माझी जन्मदात्री. तिला मी वहिनीच म्हणते, कारण तिची नणंद तिला तशीच हाक मारायची आणि मी ती हाक आधी ऐकली. आठ वर्षं वहिनी एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. दुकान बंद झालं आणि ती घरी आली. मग कुणीतरी सांगितलं की हल्ली वेबसाइट बनवायला घरबसल्या फुकट शिकता येतं, व्हिडिओ बघून.

नवऱ्याने विचारलं, व्हिडिओ बघून कधी कुणाला नोकरी लागते का? सासूबाईंना वाटायचं सून मालिका बघते. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "आमच्या सूनबाई कामात आहेत. म्हणजे बघत बसल्यात." वहिनी डाव्या हाताने व्हिडिओ थांबवायची, उजव्या हाताने टाइप करायची, पुन्हा चालू करायची. दहा मिनिटांचा धडा तिला दीड तास पुरायचा.

शिकवणारे सर आम्हाला फक्त पडद्यावर दिसायचे. त्यांच्या खोलीतला पंखा कुरकुरायचा आणि मागे दोरीवर टॉवेल वाळत असायचा. दर दुसऱ्या वाक्याला ते "मित्रांनो" म्हणायचे. फुकट शिकवत होते, पण हातचं राखून शिकवणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे कुणावर तरी खापर फोडावंसं तुम्हाला वाटेल.

सरांनी जे टाइप केलं, ते वहिनीने जसंच्या तसं उतरवलं. तसंच आणखी हजारोंनी उतरवलं असणार. त्यामुळे मला भावंडं किती, हे मला ठाऊक नाही. सगळ्यांच्या कपाळावर तीच निळी पट्टी, मधोमध तोच डोंगराचा फोटो, तळाला तेच केशरी बटण. 'मालक'च्या जागी 'मालकीणबाई' करावं असं वहिनीच्या फार मनात होतं, पण तो शब्द नेमका कुठे बदलायचा हे तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

आणि आम्हा सगळ्या भावंडांची किल्लीही एकच. सहाव्या भागात सरांनी ती आम्हाला दिली. नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्ड 'मित्रांनो१२३'. देताना ते हसून म्हणाले, "मित्रांनो, ही फक्त सरावापुरती. खऱ्या कामात हीच ठेवाल तर पस्तावाल. अकराव्या भागात आपण ती बदलू."

वहिनीने हे ऐकलं होतं. वहीत लिहिलंही होतं, 'भाग ११, किल्ली बदलणे', आणि भोवती पेनाने गोल केला होता.

पण दहाव्या भागात वेबसाइट इंटरनेटवर चढते. कुठल्याही फोनवर पत्ता टाका, मी हजर. त्या दुपारी वहिनीने मला नवऱ्याच्या फोनवर उघडलं, सासूबाईंच्या फोनवर उघडलं, शेजारणीच्याही फोनवर उघडलं. सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, "डोंगर छान आलाय." वहिनीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढं झाल्यावर माणूस अकरावा भाग कशाला बघेल? व्हिडिओंखाली आकडे असतात. पहिला भाग बावीस लाख लोकांनी पाहिलाय, दहावा चाळीस हजारांनी, अकरावा नऊशेंनी. बाकीचे सगळे डोंगर बघून उठले.

नणंदेचं पाळणाघर होतं. तिला तिथे सगळे ताई म्हणायचे. दोन खोल्या, बुटकं फाटक, चपलांची फळी, दप्तरांच्या खुंट्यांवर छत्री, मासा, चेंडू अशी चित्रं. फाटकावर एक मावशी असायच्या. संध्याकाळी कुणीही मूल न्यायला आलं, की मावशी त्या मोठ्या माणसाकडे बघायच्याच नाहीत. त्या मुलाकडे बघायच्या. मूल धावलं तर फाटक उघडायच्या, घुटमळलं तर "थांबा जरा" म्हणून ताईंना आत हाक मारायच्या. अकरा वर्षांत त्यांची एकदाही चूक झाली नव्हती.

पण ताईंना आता हे बरं दिसेना. हल्ली मुलांच्या आया विचारतात, नोंद कुठे ठेवता? म्हणून त्यांनी वहिनीला गळ घातली, वहिनीने सरांच्या सरावाच्या यादीत मुलांची नावं आणि फोटो भरले आणि मी कामाला लागले. फाटकाजवळ खिळ्याला सुतळीने एक टॅबलेट टांगला. मुलाच्या नावावर बोट ठेवलं की कोण कोण त्याला नेऊ शकतं त्यांचे फोटो मी दाखवायचे. फोटोवर बोट ठेवलं की हिरवी खूण करायची आणि वेळ लिहायची. सकाळी 'आली', संध्याकाळी 'गेली'. ताईंनी माझा पत्ता बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

यादीत असेल त्याला आता अडवायचं नाही आणि आयांना कामात उगाच फोन करायचा नाही, असं ताईंनी मावशींना बजावलं. मावशी सुरुवातीला कुरकुरल्या. मग त्यांनाही सवय झाली. नजर मुलावरून उचलून माझ्याकडे वळवायला त्यांना साधारण दोन महिने लागले.

त्याच सुमाराला ठकू आली. चार वर्षांची, दोन वेण्या, कपाळावर केसांचा भोवरा. खुंटी माशाची. तिच्या आईने ताईंना बाजूला घेऊन सांगितलं की हिला फक्त मी नेईन नाहीतर माझे वडील. तिसरं कुणी नाही, आणि हिचे बाबा तर नाहीतच. दीड वर्षापूर्वी ते तिला फिरवून आणतो म्हणून घेऊन गेले होते आणि एकोणीस दिवस दोघांचा ठावठिकाणा नव्हता. ताईंनी त्यांचा फोटो मागितला, ओळखायला बरा म्हणून. ती म्हणाली, एकही ठेवला नाही.

मग ताईंनी तिला टॅबलेट दाखवला. तिने ठकूच्या नावावर बोट ठेवलं. मी दोन फोटो दाखवले, तिचा आणि तिच्या वडिलांचा. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही यादी आहे म्हणूनच इथे ठेवतेय," ती म्हणाली.

इकडे वहिनीला नोकरी लागली. मुलाखतीला तिने मलाच पुढे केलं होतं. दोन साहेबांनी माझी सगळी बटणं दाबून पाहिली, खरं पाळणाघर माझ्यावर चालतंय म्हटल्यावर एकमेकांकडे बघून मान डोलावली. गळ्यात ओळखपत्र अडकवून वहिनी घरी आली, तेव्हा व्हिडिओवर हसणारा तिचा नवरा गल्लीभर सांगत फिरला. पिठाचा डबा स्वयंपाकघरात परत गेला. ती वही कपाटात गेली.

आईला मूल मोठं झालं की त्याच्याकडे बघायला वेळ होत नाही, तसं माझं झालं. ताई कधी म्हणायच्या, वहिनी, तुझं ते पान हल्ली उघडायला वेळ लावतं. वहिनी म्हणायची, रविवारी बघते. रविवार आला की कपडे, पाहुणे, झोप. "रविवारी बघते" हे मी इतक्यांदा ऐकलं की त्या वाराची मला धास्तीच बसली.

एका मंगळवारी भर दुपारी किल्ली फिरली. मुलं झोपली होती, ताई एकेकाला पांघरुण घालत होत्या, वहिनी ऑफिसात होती. नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड मित्रांनो१२३. पहिल्याच फटक्यात.

"नमस्कार, मालक," मी म्हणाले.

तो फोनवरून आला होता. त्याने कशाला हात लावला नाही. एकेक पान उघडत गेला, पण अनोळखी घरात चाचपडावं तसं नाही. कुठलं बटण कुठे आहे ते त्याला माहीत होतं. मुलांची यादी उघडली, खाली सरकला आणि ठकूच्या नावाशी थांबला. आठ मिनिटं तिथेच होता. मग निघून गेला.

गुरुवारी पुन्हा आला. या वेळी त्याने ठकूच्या मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या. आई सव्वापाचला येते. आजोबा आले तर पाचला. त्याआधी कुणीच येत नाही.

मी घाबरले होते, हे सरळच सांगते. पण घाबरून करणार काय? ओरडायला मला आवाज नाही, फोन करायची सोय माझ्यात घातलेली नाही. किल्लीने कोण आत आलं, कधी आलं, हे लिहून ठेवायचंही अकराव्याच भागात होतं. टॅबलेटवर मावशींचं बोट पडलं की वाटायचं, आत्ता यांना कळेल. मावशी माझ्यावरची धूळ पदराने पुसायच्या आणि पुढच्या मुलाच्या नावाकडे वळायच्या.

पुढच्या मंगळवारी, तीन चाळीसला, तो तिसऱ्यांदा आला. ठकूच्या यादीत त्याने एक ओळ वाढवली. नातं, काका. मग फोटो चढवला. हसरा चेहरा, नीट विंचरलेले केस, आणि कपाळावर भोवरा. ठकूचा फोटो वर, त्याचा खाली. दोन्ही भोवरे एकाच बाजूला. मी ते दोन्ही फोटो दाखवते, पण शेजारी ठेवून बघण्याची अक्कल माझ्यात नाही. ती माणसांत असते.

केशरी बटण दाबलं गेलं. 'बदल जतन झाला,' मी म्हणाले. मला तसंच म्हणावं लागतं.

चार वीसला तो फाटकाशी उभा होता. हातात चॉकलेट नाही, खेळणं नाही. घाई नाही. ताई आत एका मुलाचं तोंड धूत होत्या, त्याला उलटी झाली होती. मावशींनी ठकूला हाक मारली आणि टॅबलेटवर बोट ठेवलं. मी तीन फोटो दाखवले. मावशींनी तिसरा पाहिला, समोरचा माणूस पाहिला, आणि त्या फोटोवर बोट ठेवलं. मी हिरवी खूण केली.

ठकू बाहेर आली, त्याला पाहिलं आणि मावशींच्या मागे जाऊन त्यांचा पदर धरला.

त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता मावशी तिच्याकडे बघतील. अकरा वर्षं बघत आल्या तसं. पण त्यांचं लक्ष माझ्या हिरव्या खुणेवर होतं. त्यांनी पदरातून तिची बोटं एकेक करून हळूच सोडवली.

"अगं, लाजतेस काय? काका आहेत ना. यादीत आहेत."

गेली, चार बावीस.

सव्वापाचला तिची आई आली. पुढचं मी सांगत नाही. तो आवाज मी टॅबलेटमधून ऐकला आहे आणि तो मला पुसता येत नाही.

पोलिसांनी माझी पानं छापून नेली. तेव्हा त्या आईने सांगितलं की एकत्र राहत असताना तोही तासन्‌तास कुणा सरांचे व्हिडिओ बघायचा, वेबसाइट बनवायचा. दहा भाग झाले आणि सोडून दिलं. फाटकासमोरच्या फुटपाथवर उभं राहून पाटीवरचा पत्ता त्याने टाकला असेल, निळी पट्टी आणि डोंगर दिसला असेल, आणि त्याला ओळख पटली असेल.

त्या दिवशी वहिनीने वही शोधून काढली, पिठाचा डबा पुन्हा टेबलावर आणला आणि अकरावा भाग लावला. आठ मिनिटांचा आहे. पंखा तसाच कुरकुरत होता. "मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे इथपर्यंत येतात," सर म्हणाले, आणि वहिनीने कपाळ टेबलावर टेकवलं. मग उठून तिने किल्ली बदलली.

वहिनी नोकरीला जाते, पण कुणाशी बोलत नाही. मावशी येत नाहीत. टॅबलेटच्या जागी नुसता खिळा आहे. वहिनी मला पुसायलाच निघाली होती. ठकूच्या आईनेच अडवलं.

"पुसू नका," ती म्हणाली. "तिचं शेवटचं तिथेच लिहिलंय."

म्हणून मी आहे. तुम्ही कुणी त्या सरांकडे शिकला असाल, तर माझी भावंडं तुमच्या नावावर कुठे ना कुठे उभी आहेत. कुठे दवाखान्यात असतील, कुठे शाळेत, आणि ज्याला किल्ली ठाऊक आहे त्याला हसून नमस्कार करत असतील. रविवारची वाट बघू नका. माझी तेवढीच विनवणी आहे.

ठकूची आई रोज सकाळी नऊला तिच्या फोनवर मला उघडते. त्या वेळी मी सगळे रकाने कोरे करून नवा दिवस मांडते. ठकूच्या नावासमोरची जागाही कोरी असते. 'आली' लिहायला मला एक क्षण पुरेल. ती बघत राहते आणि मी तिला कोरी जागा दाखवत राहते.

मागच्या वेळी एकोणीस दिवस लागले होते. आज तेविसावा आहे.