चाळीस पायांची चिप

अभ्यासक्रमातून ८२५५ नावाची चिप वगळायची की ठेवायची, हे मॅडमच्या होकारावर अडलं होतं. मायक्रोकंट्रोलर त्याच शिकवायच्या. ८२५५ ही चाळीस पायांची जुनी चिप प्रोसेसरला दिवे, बटणं जोडून द्यायची. आता ते काम मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे एकाच चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकाच्या, पोटातच होतं.

विभागप्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी. चारचौघांत त्या त्याला सर म्हणत, एरवी अरे-तुरे.

"मॅडम, ही चिप आता दोनच ठिकाणी सापडते. तुमच्या लॅबमध्ये आणि भंगारात."

"आणि तुझ्या डोक्यात. अजून पाठ आहे तुला."

तो हसला, पण आजच काय ते सांगा म्हणाला.

कुठला पोर्ट, म्हणजे दिवे-बटणं जोडायच्या पायांचा कुठला गट, कसा वापरायचा, हे या चिपला सांगितलं की तिचे सगळे आउटपुट शून्य होतात. दरवर्षी कोणीतरी ती सूचना पुन्हा पुन्हा पाठवतं, दिवे विझतात, आणि डोकं खाजवून झालं की आत काय चालतं ते एकदाचं कळतं. मायक्रोकंट्रोलरच्या नव्या बोर्डावर हे कसं कळणार, असं मॅडम वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. आता भांडायचाही कंटाळा आला होता.

दुपारी प्रोजेक्टवाली एक मुलगी नवा बोर्ड घेऊन आली. डिस्प्लेवरचा आकडा बदलला की पंखा बंद पडायचा. तिने वायरी बदलल्या होत्या, पंखाही बदलला होता. मॅडमनी प्रोग्राम वाचला. पोर्ट तयार करणारं लायब्ररीतलं, म्हणजे आयत्या प्रोग्रामांच्या साठ्यातलं, फंक्शन ती प्रत्येक आकड्याआधी बोलावत होती.

"हे आत काय करतं?"

"माहीत नाही, मॅडम. नेटवर असंच होतं."

मॅडमनी फंक्शन उघडून दाखवलं. आत पोर्टचं एकेक रजिस्टर, म्हणजे दिवा-पंखा चालू की बंद हे ठरवणारा चिपमधला कप्पा, शून्य केलं जात होतं. मुलीने त्या शून्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मीच बंद करत होते."

तीच चूक, चिपशिवाय. मॅडमना हायसं वाटायला हवं होतं. त्या नुसत्याच खुर्चीत टेकून बसल्या.

संध्याकाळी त्यांनी ८२५५ वगळायला होकार दिला, पण अट घातली: पहिल्या सत्रात लायब्ररी नाही, कुठल्या रजिस्टरमध्ये काय भरायचं ते मुलांनी प्रोग्राममध्ये स्वतः लिहायचं. तपासायला तुम्हालाच जड जाईल, असं विभागप्रमुखाने बजावलं. जाईलच, म्हणाल्या.

"मुलं शिव्या देतील, मॅडम."

"तूही द्यायचास. मला ऐकू यायचं."

मग लॅबमध्ये जाऊन त्या जुन्या बोर्डांवरून एकेक चिप काढू लागल्या. स्क्रूड्रायव्हरने थोडं या बाजूने उचलायचं, थोडं त्या बाजूने. आता पाय वाकले तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण ओढून काढायला मन होईना.