फक्त जोतिबा

ट्रंपेटमधून सूर आलाच नाही, नुसती हवा आली. जोतिबाने अंगठ्याने कवळी वर दाबली, ओठ पुसले आणि पुन्हा फुंकले. पुन्हा हवाच.

सांगलीच्या नाट्यगृहात तालीम चालू होती. जॅझचे थोर रचनाकार लॉरेन्स मास्तर यांच्या स्मरणार्थ पुण्याचा बिग बँड संध्याकाळी वाजवणार होता. लष्करी बँडमधल्या कडेगावच्या जोतिबाला मास्तरांनी त्याच्या तरुणपणीच हेरले होते. त्याच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा रचून त्यांनी कागदावर लिहिले होते, 'फक्त जोतिबा'. साऱ्या जन्मात त्याच्या नावावर तेवढेच होते. म्हणून तर बँडवाल्यांनी त्याला शोधून काढले. पण दैव एवढे खट्याळ, की पुढचे चार दात महिन्यापूर्वीच मिरजेला काढावे लागले.

"कवळी बसली की वाजतंय बघ," असे त्याने बायकोला, मनुबाईला सांगितले होते. कवळी काल बसली.

बँड चालवणारा वीरधवल समजूतदार होता. "काका, तुम्ही नुसती बोटं चालवा. मागच्या रांगेतून आपल्या बँडची ब्राह्मी वाजवेल. कुणाला कळायचं नाही."

नाही म्हणणे जोतिबाच्या जिवावर आले. मनुबाई आज प्रथमच खुर्चीत बसून त्याचे वाजवणे ऐकणार होती. एरवी तो उसाच्या बांधावर वाजवायचा आणि ती तण भांगलता भांगलता ऐकायची.

संध्याकाळी ठरल्यासारखे झाले. तो उभा राहिला, बोटे बिनचूक चालली, आणि मागच्या रांगेतून ब्राह्मीने, त्या आष्ट्याच्या पोरीने, तुकडा वाजवला. एवढा गोड तर त्यालाही कधी जमला नव्हता. लोक उठून टाळ्या वाजवू लागले.

त्याने पहिल्या रांगेत पाहिले. मनुबाईचे हात मांडीवरच होते. चाळीस वर्षे तिने नवऱ्याची फुंक ऐकली होती, तिला कोण फसवणार?

जोतिबाने ट्रंपेट खुर्चीवर ठेवले आणि तो माईकपाशी गेला.

"म्या न्हाई वाजवलं," तो म्हणाला. "माजं दात गेल्यात. ह्या पोरीनं वाजवलं. तुकडा आता हिचा."

टाळ्या थांबल्या. मग मनुबाई एकटीच टाळ्या वाजवू लागली. डोळे पुसायलासुद्धा तिने हात थांबवले नाहीत.