कोठाराचं बटण

"बाई, तुमच्या फोनला एवढी बटणं कशाला हो?"

श्रुतिकानं विचारलं एकदाचं! शाळेच्या ऑफिसात जाऊन मनोरमाबाईंना हे विचारायची पैज वर्षानं लावली होती. बाई त्या फोनला कुणाला बोट लावू देत नसत. पण वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून ती कुणाला म्हणून भीत नव्हती.

बाई चिडल्या नाहीत, उलट खुलल्याच. "हे होल्डचं. हे परत तोच नंबर लावायचं. आणि ही बाजूची ओळ आपण ठरवू तशी. हे गेटचं, हे कोठाराचं. दाबलं की इकडचा नि तिकडचा स्पीकर आपोआप चालू, कुणी उचलायलाच नको!"

तेवढ्यात चारोटीहून भाजीचा टेम्पो आला आणि बाई बाहेर गेल्या.

खिडकीतून वर्षा खुणावू लागली, दाब ना! कोठार सांभाळणाऱ्या काळ्यामामाला भॉक् करून दचकवायचं. श्रुतिकानं दाबलं. लाल दिवा लागला. तिनं तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

"गंगीला दवाखान्यात न्यायचं नाही म्हणजे नाही. आधी वसतिगृहाची सरकारी तपासणी होऊन जाऊ दे."

हे तर वसतिगृहाचे अधीक्षक! सुट्टीत कोठाराची आणि त्यांच्या खोलीची अदलाबदल झाली, फोन मात्र जागच्या जागी राहिले, आणि बटणाखालची चिठ्ठी बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"सर, ताप उतरेना. पोर ओळखत नाही कुणाला." स्वयंपाकाच्या संगीताताई रडत होत्या.

"गोळी द्या. गावाहून, कैनाडहून, तिची आई आलीच, तर सांगा सहलीला गेलीय."

गंगी! श्रुतिकाच्या बाकावरची. वर्गात तर सांगितलं होतं, ती घरी गेलीय म्हणून. श्रुतिकानं तोंडावर हात दाबला. श्वास घेतला तरी तिकडे ऐकू जाईल.

"हा दिवा कसला लागलाय?" फोनमधून आवाज आला. मग खुर्ची सरकली.

तिनं बटण पुन्हा दाबलं. दिवा जाईना! रिसीव्हर उचलून आपटला, तेव्हा कुठे गेला. खिडकीत बघते तर वर्षा पसार.

बाई आत आल्या, पाठोपाठ अधीक्षक. "माझ्या खोलीत फोन कुणी लावला?"

बाईंनी श्रुतिकाचा पांढराफटक चेहरा पाहिला. "मीच हो सर. चुकून दाबलं गेलं."

सरांनी बाईंकडे पाहिलंही नाही. "तू रेल्वेतल्या मोहनरावांची ना?" ते अगदी हळू, गोड बोलले. "नीट जा हं घरी."

त्या गोडव्यालाच भिऊन ती घरापर्यंत पळत सुटली.

घरी तिनं सगळं सांगितलं. आईनं आधी दाराला कडी घातली. पप्पा म्हणाले, "बाळा, दहावीचं वर्ष तुझं. त्यांच्याशी वैर नको. सांगेल कुणीतरी."

"कोण सांगेल? वर्षा पळाली. बाई आणि ताई नोकरी जाईल म्हणून भितात. मीही भितेय, पप्पा!" चप्पल धड पायात जात नव्हती. तिनं कडी काढली. "मी कैनाडला चाललेय, गंगीच्या आईकडे. आत्ताच्या आत्ता. तिला घेऊन वसतिगृहात जाणार आणि गंगीला दवाखान्यात नेणार. तुम्ही गाडी काढताय, की मी चालत निघू?"