कापसाचा खोकला

“आली बाप्पा डब्या घेऊन! आता थुंकाव बी हिच्या टायमावर आन् हिच्याच डबीत.”

उकंडाभाऊ आतून बोलत होते आणि मी त्यांच्या दारातच उभी होते. मध्ये फक्त जुन्या साडीचा पडदा. “हळू बोला, आयकते ते,” त्यांची बायको म्हणाली. मी काही ऐकलं नाही असं दाखवायला कडी वाजवली. आशा सेविकेच्या कामात कान उघडे आणि चेहरा बंद ठेवावा लागतो. पंधरा वर्षांत तेवढं मला जमलंय.

पडदा सरकला. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस. भाव वाढेल म्हणून सगळ्या गावाने असा घराघरात भरून ठेवलाय. माणसं त्याच्या कडेकडेने झोपतात, रात्रभर अंग खाजवतात आणि सकाळी खोकतात. घरोघरी फिरून खोकणारी माणसं शोधायची आमची मोहीम नेमकी याच दिवसांत आली होती. ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं.

“मले काई नाई, नलूताई. कापसाचा खोकला हाये.”

“किती दिवसाचा?”

“झाले असतीन वीस-बावीस दिस.”

“भाऊ, कापूस पंधरा दिवसाच्या वर खोकलत नाही,” मी माझं रोजचं वाक्य म्हटलं. “त्याच्या वर खोकलते ते दुसरंच काही असते. सकाळी उठल्या-उठल्या...”

पुढचं मला बोलता आलं नाही. खोकला आला. चौकटीला धरून मी वाकले आणि तो थांबेपर्यंत वाकलेलीच राहिले. मान वर केली तेव्हा वहिनींनी नातीला ओढून पदराआड घेतलं होतं. उकंडाभाऊ माझ्या हातातल्या डबीकडे पाहत होते.

“ठेवा तिथं वट्ट्यावर,” ते हळूच म्हणाले. “घेतो मी.”

त्यांनी वाद घातला नाही याचंच मला बरं वाटलं. पुढच्या घरी जाईपर्यंत वाटत राहिलं. मग नाही वाटलं.

मलाही खोकला होता. तिळसंक्रांतीला लागला, आता शिवरात्र तोंडावर आली होती. पण आमच्याही मधल्या खोलीत कापूस होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. दिवसभर उन्हात फिरल्यावर होणारच. ब्लाऊज ढिले झाले, मी दोन्ही बाजूंनी शिवण घातली. चाळीशीनंतर बाई बारीक झाली तर शेजारणी जळतात, इथं कोणी जळतही नव्हतं. आमच्या ह्यांनी खाट बैलांच्या गोठ्यात नेली. “कापसाची लय खाज सुटते वो,” म्हणाले. कापूस तर तेवीस वर्षांपासून दरवर्षी घरात येतो.

आमच्याकडे तो शब्द कोणी उच्चारत नाही. ‘त्याले ते हाये’ म्हणतात, आणि ज्याला सांगायचं त्याला कळतं. सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, हे मीच दारोदार सांगते आणि ते खरंही आहे. पण ज्या घरी मी हे सांगून आले, त्या घरी पुढच्या फेरीला चुलीजवळ एक कप वेगळा ठेवलेला दिसतो. आणि मी तर आशा. बाळंतिणीच्या खाटेवर बसणारी, लेकरं मांडीवर घेणारी. संक्रांतीपासून सात लेकरं घेतली होती. हा आकडा रात्री माझ्याकडून आपोआप मोजला जायचा.

मोहिमेच्या वहीत एकशे बेचाळीस घरं होती. एकशे बेचाळिसावं माझं. ‘खोकला आहे का?’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. अक्षर फार चांगलं आलं होतं.

तरी त्या दिवसांत मी काळजी करत होते ती बबिताच्या लेकराची, असं मी स्वतःला सांगत होते. बबिता पहिल्या बाळंतपणाला नाल्यापलीकडच्या तांड्यावर आईकडे आली होती. कळा लागल्या तेव्हा राळेगावच्या दवाखान्यापर्यंत गाडीत तिचा हात माझ्याच हातात होता. माझ्या बांगड्या फुटल्या, तिने सोडला नाही. पोरगी झाली, पण फक्त दोन किलो शंभर. अशा लेकराचं वजन वेळच्या वेळी करावं लागतं. दूध ओढत नसेल तर चार दिवसांत गळून जातं, आणि निजलंय निजलंय म्हणत घरच्यांना कळतही नाही.

तिसऱ्या दिवशी गेले, सातव्या दिवशी गेले. तोवर सगळं ठीक. चौदाव्या दिवशी काटा आणि झोळी घेऊन गेले तर बबिताची आई बिजलीबाई दारातच.

“आताच निजली, ताई.”

दुसऱ्या दिवशी गेले. “आताच न्हाऊ घातलं, वारं लागन.”

आणखी तीन दिवसांनी, “देवाले नेलं.” आणि त्याच वेळी आतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला. बिजलीबाईने खाली पाहिलं. मीही पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, दोन कोंबड्या होत्या.

मी तणतणत उपकेंद्रात गेले. खुशी मॅडम तिथल्या आरोग्य अधिकारी, माझ्या लेकीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी पोरगी. मला पाहून तिने मास्क वर ओढला आणि उठून खिडकी उघडली.

“नजर लागते म्हणून लपवतात, मॅडम! एवढं समजावलं मी. त्या पोरीला काही झालं तर?”

“मी जाऊन वजन करते ना, ताई. तुम्ही थोडा आराम करा.”

“आराम कायले? माझं काम हाये ते.”

तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग कपाटातून एक रिकामी डबी आणून माझ्या पिशवीत टाकली.

“एक जास्तीची राहू द्या. लागली तर.”

“कोणाला?”

“असंच. लागली तर.”

ती डबी सहा दिवस माझ्या पिशवीत होती. इतर डब्यांवर नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, तिच्यावर काही नव्हतं. काही काढायला पिशवीत हात घातला की आधी तीच हाताला लागायची.

चोविसाव्या दिवशी दुपारी मी पुन्हा तांड्यावर गेले. आज लेकरू पाहिल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून गेले. बिजलीबाई अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून सूप थांबलं.

“बसा, ताई. चहा ठेवतो.”

“चहा नको. लेकरू आणा.”

“ते ना, आता...”

“निजली, न्हाली, देवाले गेली. आज काय?” माझा आवाज चढला आणि त्याच्या मागोमाग खोकला आला. बाजेच्या कडेला धरून मी खोकले. तूर टिपायला आलेल्या कोंबड्या पळाल्या. थांबले तेव्हा दारात बबिता उभी होती, छातीशी पोर घेऊन. पोरीचे गाल भरले होते. एवढ्या लांबूनही दिसत होतं.

“वजन केलं म्या,” बबिता म्हणाली. “अंगणवाडीत नेलतं काल. दोन किलो सहाशे.”

पाचशे ग्रॅम वाढली होती. मला एकदम खाली बसावंसं वाटलं, मी बसलेच. आणि बसल्यावर राग आला.

“अंगणवाडीत नेलं, मंग मले काहून नाही दिलं? मी काय परकी हाये का?”

“तसं नाई, ताई,” बिजलीबाई घाईने म्हणाली. “लेकराले नजर लय लागते. आन् तुमी उन्हातानाच्या येता, थकून जाता...”

“याडी,” बबिता आईला म्हणाली, “रायू दे.”

“तू आत जाय, छोरी. वारं सुटलं.”

बबिता आत गेली नाही. पुढेही आली नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज गाडीतल्यासारखाच होता, कळा सोसतानाचा. हाताची पकड तेवढी आता माझ्यावर नव्हती, पोरीवर होती.

“ताई, तुमी नसत्या तं हे पोरगी नसती. म्हून कोनी बोलत नाई. याडी नाई, मॅडम नाई, गावात कोनी नाई. समदे वाट पाहून राह्यले का तुमीच समजसान.”

“काय समजू? कापसाचा...”

“कापूस पंधरा दिसाच्या वर खोकलत नाई. तुमीच सांगतलं.” तिने पोरीच्या तोंडावर पदर ओढला. “तुमाले टीबी हाये, ताई.”