मोबाइलवरून पाठवले आहे

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि माझी मावशी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. बाहेरच्यांना यात विसंगती दिसते. मावशी तक्रार विभागात आहे. कुठली लिफ्ट कोणत्या दोन मजल्यांच्या मध्ये कुणाला पोटात घेऊन थांबली, हे तिला रोज सकाळी वाचावं लागतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारा माणूस घरून डबा आणतो, तसंच हे.

ऑफिस चौथ्या मजल्यावर. मावशी जिन्याने येते. कुणी विचारलं तर म्हणते, "गुडघ्यांना व्यायाम." गुडघ्यांचं मत वेगळं आहे आणि ते प्रत्येक मजल्यावर ऐकू येतं.

मी त्याच ऑफिसात, सुट्या भागांच्या विभागात. मी तिला मावशी म्हणतो म्हणून सगळेच म्हणतात, तिच्याहून मोठे असलेले हिशेबनीसही. तिने एकदा त्यांना विचारलं, "मी तुमच्या आईची बहीण कधी झाले?"

"रुजू झालात तेव्हापासून," ते म्हणाले.

मावशी बोलायला लागली की समोरच्याचं काम राहतं, आणि लिहायला बसली की दोन शब्दांत संपते. "बघते. होईल." लिफ्ट तासभर बंद असो की आठवडाभर, "बघते. होईल." मग ती खरंच बघायची आणि ते खरंच व्हायचं. कारागिरांच्या मागे ती हात धुऊन लागायची. पण ग्राहकाला तो भाग दिसत नाही. त्याला दोन शब्द दिसतात आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. एका सहा मजली इमारतीचे सचिव तर दर वेळी उलट लिहायचे, "आपल्या दोन शब्दांबद्दल आभार. तिसरा केव्हा अपेक्षित आहे?"

एकदा मावशी दाढ काढायला गेली होती. दंतवैद्याच्या बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या तिने सचिवांना मोबाइलवरून उत्तर दिलं, "बघते. होईल." फोनने स्वतःच्या मनाने खाली जोडलं, "माझ्या मोबाइलवरून पाठवले आहे."

सचिवांचं उत्तर दाढेच्या आधी आलं. "आपण बाहेर असूनही कळवलंत. अशी माणसं आता राहिली नाहीत. आमच्या लिफ्टची घाई नाही."

शब्द तेच होते. फक्त खाली एक ओळ होती. मावशीने यावरून जो धडा घ्यायचा तो घेतला. फोनवर लिहिणं तिला जमत नसे. एका अक्षरावर बोट ठेवलं की शेजारची दोन उठून यायची. म्हणून ऑफिसात परत आल्यावर ती आपल्या खुर्चीत, मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि प्रत्येक मेलखाली ती ओळ हाताने लिहू लागली. दोन शब्दांचं उत्तर, चार शब्दांची ओळ. नाकापेक्षा मोती जड.

"मावशी, तू खुर्चीत बसली आहेस," मी म्हणालो.

"मला माहीत आहे."

"मग हे खोटं नाही का?"

"तू खाली 'आपला नम्र' लिहितोस, तेव्हा किती नम्र असतोस?"

मी सुट्या भागांकडे परत गेलो.

त्यानंतर बराच काळ शांततेत गेला. ग्राहकांच्या मनात मावशी पाना घेऊन रस्त्यारस्त्याने धावत होती. एकाने लिहिलं, "उन्हात फार फिरू नका." दुसऱ्याने लिहिलं, "गाडी चालवताना उत्तर देऊ नका, आम्ही थांबतो." मावशीने दोघांनाही मनापासून उत्तर दिलं, "बरं."

मग नवे साहेब आले. त्यांच्या काचेच्या केबिनमधून मावशीचं डोकं समोरच दिसायचं, पण साहेबांचा लेखी गोष्टींवर विश्वास होता. डोळ्यांनी पाहिलेलं ते ऐकीव समजायचे. ऑफिसची अर्धी जागा सोडून द्यायची होती, म्हणून त्यांनी माणसांचे दोन भाग पाडले, खुर्चीवाले आणि बाहेरवाले. कोण कशात, हे ठरवायला त्यांनी सगळ्यांचे गेल्या काही महिन्यांचे मेल चाळून घेतले.

मावशीचा हुकूम लेखी आला. आपण कायम बाहेर असता असे दिसून आल्याने आपली खुर्ची पुढच्या महिन्यापासून काढण्यात येईल. आपण रोज इमारतींमध्ये जाऊन, दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये स्वतः बसून, तळापासून वरपर्यंत व परत, खात्री करावी.

मावशीने ते वाचलं आणि पाणी पिऊन पुन्हा वाचलं.

"दिवसाला किती इमारती असतात रे?"

"इमारती विचारू नकोस. मजले विचार."

तिचा चेहरा दाढ काढायच्या आधी होता तसा झाला. "चल," ती म्हणाली, आणि आम्ही केबिनमध्ये गेलो.

"साहेब, मी बाहेर जातच नाही. मी तिथे बसते." तिने काचेतून खुर्ची दाखवली.

साहेबांनी बघितलं. "रिकामी आहे."

"मी इथे उभी आहे म्हणून."

"मी तुमचे सगळे मेल पाहिलेत, मावशी. एकही खुर्चीतून आलेला नाही."

"सगळे खुर्चीतूनच आलेत. ती ओळ मी हाताने लिहिते."

"का?"

"लोक चिडत नाहीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला नव्हता, पण मेलसुद्धा खोटं बोलू शकतो हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. लहान मुलाला चंद्राबद्दल खरं सांगावं तसं काहीसं झालं.

"हे लेखी द्याल?"

"देते. थोडक्यात चालेल?"

शेवटी असं ठरलं. खुर्ची सध्या मावशीची. साहेब कधीही मेल करतील, तिने लगेच उत्तर द्यायचं. उत्तर खुर्चीतून आलं तर खुर्ची राहील. साहेबांना एक जरी उत्तर मोबाइलवरून आलं तरी मावशी बाहेरवाली. आणि खुर्चीवाल्यांना जो नियम तो तिलाही, की मोबाइल सकाळी खाली पहारेकऱ्याकडे जमा करायचा.

"आणि ती ओळ?" साहेब म्हणाले.

"आता नाही लिहिणार. एकदा कबूल केल्यावर परत लिहायला हात धजायचा नाही."

ती शब्दाला पक्की निघाली. दुसऱ्या दिवसापासून मेल उघडेबोडके जाऊ लागले. "बघते. होईल." खाली काहीच नाही. सचिवांनी लगेच विचारलं, "आपल्या जागी नवीन कोणी आलं आहे का? आधीच्या बाई फार चांगल्या होत्या. जिवाचं रान करायच्या."

"आधीच्या बाई मीच," मावशी स्क्रीनला म्हणाली.

"थोडं मोठं लिही," मी सुचवलं.

तिने बराच वेळ घेऊन लिहिलं, "बघते. होईल. आणखी काय." आम्ही दोघांनी ते वाचलं आणि पुसून टाकलं.

"फोन करून सांग मग."

"फोनवर मी सुटले की दुपार होते. मग लिफ्टकडे बघायचं कुणी?"

दोन दिवस ती उघडेबोडके मेलच पाठवत राहिली. तिसऱ्या दिवशी ती उठली, चार मजले उतरली, पहारेकऱ्याकडून आपला मोबाइल घेतला आणि फाटकाबाहेर, उभ्या केलेल्या स्कूटरींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एका बोटाने, चुकत, पुसत, तिने सचिवांना लिहिलं, "बघते. होईल." फोनने खाली आपली ओळ जोडली. ती वर आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"आता सांग, यात खोटं काय आहे?"

मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

सचिव खूश झाले. मग मावशी दिवसातून कितीतरी वेळा उतरू लागली. कुणी जास्तच तापलेला ग्राहक असला की ती दूर कोपऱ्यापर्यंत जायची. म्हणायची, त्याला जरा लांबून पाठवलेलं बरं. खाली जाऊन मोबाइल बघायला नियमात मनाई नव्हती, कारण नियम करणाऱ्याला असं कुणी करेल हे सुचलंच नव्हतं.

"मावशी," पहारेकरी एकदा म्हणाला, "बाहेरवालेसुद्धा इतके बाहेर नसतात."

"मी खुर्चीवाली आहे," मावशी म्हणाली. "नीट बघून बोला."

साहेबांचे मेल बहुतेक सकाळी लवकर यायचे, तेव्हा ती जागेवर असे. एका दुपारी मात्र मी पुलीचं खोकं घ्यायला खाली गेलो होतो आणि ती स्कूटरींपाशी उभी राहून सचिवांना लिहीत होती. 'बघते' झालं होतं, 'होईल' चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा मेल. "जागेवर आहात का? लगेच कळवा."

तिने फोन माझ्या हातात देऊन तो दाखवला.

"इथूनच 'आहे' म्हणून टाक," मी म्हणालो. "खालची ओळ मी सेटिंगमधून काढून देतो. एका क्षणाचं काम आहे. कित्येक लोकांनी काढलेली असते."

"आणि मी इथे स्कूटरींत उभी राहून लिहू, जागेवर आहे?"

"दोनच तर शब्द आहेत."

"आधी शब्द खरे होते, ओळ खोटी होती. आता ओळ खरी निघाली तर शब्द खोटे. मला एक धड लाभत नाही." तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "ओळीला हात लावू नकोस. तिने बिचारीने कधी लपवाछपवी केली नाही."

फाटकातून आत येऊन तिने जिन्याकडे बघितलं. मग गुडघ्यांकडे. जिन्याने वर पोचेपर्यंत 'लगेच' संपलं असतं आणि तिला आयुष्यभर लिफ्टमध्ये बसायला लागलं असतं. समोर लिफ्टचं दार उघडं होतं.

"ही शेवटची कधी अडकली होती?"

"मागच्या वर्षी. उत्तर तूच दिलं होतंस."

"मी बघितलं होतं ना मग?"

"बघितलं होतंस."

"झालं होतं?"

"झालं होतं."

तिने फोन पहारेकऱ्याला दिला, पदर खोचला आणि आत शिरली. मी पुलीचं खोकं घेऊन मागोमाग गेलो. दार बंद झालं. मावशीने माझं मनगट धरलं आणि बोलायला सुरुवात केली. दोर झिजला तर आधी काय होतं, दाराचा स्विच बिघडला तर काय होतं, वीज गेली तर किती वेळ हवा पुरते, ती पुरते यावर लोकांचा विश्वास का बसत नाही. तिचा आवाज अगदी सपाट होता, पाढे म्हणतात तसा. पहिला मजला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याजवळ काहीतरी खडखडलं, तेव्हा ती वाक्याच्या मधोमध थांबली आणि डोळे मिटून घेतले. मनगटावर नखं रुतली. मग दार उघडलं आणि समोर हिशेबनीस उभे होते.

"मावशी, तुम्ही लिफ्टने?" ते म्हणाले.

"वाटेतून व्हा."

ती सरळ खुर्चीकडे गेली, बसली आणि दोन बोटांनी लिहिलं, "जागेवर आहे." पाठवलं. काचेपलीकडे साहेबांनी खाली मान घालून ते वाचलं. मान वर केली असती तर घामेजलेली, हातात माउस गच्च धरून बसलेली मावशी त्यांना दिसली असती. त्यांनी लिहिलं, "ठीक. खुर्चीचा विषय संपला. आता विचारणार नाही."

मावशीने ते मला दाखवलं. मी खोकं खाली ठेवून मनगट चोळत होतो.

"तिसऱ्या मजल्याजवळ खडखडतं," ती म्हणाली. "तक्रार नोंदव."

"कुणाच्या नावाने?"

तिने थोडा विचार केला. "प्रवासी लिही."

मी लिहिलं. मग तिला आठवलं की सचिवांचं 'होईल' खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर अर्धं पडलंय. ती उठली. लिफ्ट अजून चौथ्यावरच होती, दार उघडं.

"जातेस?" मी विचारलं.

"जाते," मावशी म्हणाली आणि जिन्याकडे वळली. "उतरायची कुणाला घाई आहे."